सगळ्या जर्सींवर नऊ

मित्रांनो, फुटबॉलमध्ये हवा भरायचा मी एक जुना पितळी पंप आहे. माझी लाकडी मूठ झिजली आहे, आतलं चामडी वॉशर वाळून गेलं आहे. बहारीनमधल्या मनामाच्या बाजारातल्या एका खेळाच्या दुकानात, काचेच्या फळीवर मी असतो. हे दुकान या आठवड्यात बंद होतंय. त्याआधी मला गुरुप्रसादबद्दल सांगायचं आहे. स्वतःबद्दल सांगणं आता त्याला जमत नाही.

मी जालंधरला घडलो. कोल्हापूरच्या एका नव्या कॉलेजाने पहिल्यांदाच फुटबॉलचा संघ काढला, तेव्हा खेळाच्या सरांनी दोन चेंडू आणि मला मागवून घेतलं. गुरुप्रसाद त्या पहिल्या संघातला. उंच, काटक, पाठीवर नऊ नंबर. डोक्याने गोल मारण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. कोपऱ्यातून चेंडू उंच आला की अख्खं मैदान ओरडायचं, "गुऱ्या, घे डोक्यावर!"

चेंडू तेव्हा जाड चामड्याचे होते. भिजले की दगडासारखे जड व्हायचे. तरी रोज सकाळी गुरुप्रसाद चेंडू अंगठ्याने दाबून बघायचा आणि म्हणायचा, "अजून मऊ लागतोय." मग माझी मूठ धरून आणखी चार दट्टे मारायचा आणि तासभर कपाळाने चेंडू टोलवत राहायचा. "पंप झकास आहे हां," असं सर म्हणाले की मला धन्य वाटायचं. एका सामन्यात गोल मारून तो पडला आणि मिनिटभर उठलाच नाही. उठल्यावर विचारतो, "आपला गोल कुठल्या बाजूला?" सगळे पोट धरून हसले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

कॉलेज सुटलं, तेव्हा सरांनी मला त्याच्याच हाती सोपवलं. त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेतून मी बहारीनला आलो. दहा वर्षं त्याने एका गोदामात नोकरी केली. मग अम्मार नावाच्या इथल्याच एका गोलकीपरशी दोस्ती झाली आणि दोघांनी मिळून हे दुकान काढलं.

ते दिवस फार चांगले होते. शुक्रवारी सकाळी कामगारांचे संघ चेंडू घ्यायला यायचे. रत्नागिरीचे ड्रायव्हर, केरळचे वेल्डर, पेशावरचे गवंडी. प्रत्येक चेंडूत गुरुप्रसाद माझ्यानेच हवा भरायचा, एकदा टप्पा मारून बघायचा आणि म्हणायचा, "यल्ला, पळा आता!" पुढे शाळांची कामं मिळाली, जर्सी छापायचं मशीन आलं, सनाबिसला मोठा फ्लॅट झाला. विजेवर चालणारा पंपही आला. मला पुसून या फळीवर ठेवलं गेलं. थेंबभर तेलही नंतर कुणी घातलं नाही. पण त्याचं मला वाईट वाटायचं नाही, तो समोर दिसायचा.

तीन वर्षांपूर्वी एका शाळेच्या चाळीस जर्सी छापून झाल्या. वकार हा दुकानातला सर्वांत जुना माणूस. तो घड्या घालता घालता थांबला.

"गुरुसाब, सब पे नौ नंबर?"

"यादीत तसंच होतं."

"लिस्ट में एक से चालीस था, साब."

गुरुप्रसादने कागद ओढून घेतला. खूप वेळ बघत राहिला. मग वकारवर असा खेकसला, की बाहेरचं गिऱ्हाईक परत फिरलं. वकारने दुसऱ्या दिवशी सगळ्या जर्सी पुन्हा छापल्या.

त्यानंतर गुरुप्रसाद ओळखीची नावं विसरू लागला. एका संध्याकाळी दुकानातून निघाला, तो दहा मिनिटांवरच्या सनाबिसला पोचलाच नाही. बेटाच्या पलीकडच्या झल्लाकच्या किनाऱ्यावर सापडला, इंजिन चालू ठेवून गाडीत बसलेला. त्याच्या बायकोने, उल्काने, दोन दिवसांनी इथे येऊन अम्मारला हे सांगितलं, तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता.

"डॉक्टरने पूछा, पहले सिर पे मार लगा था क्या. मैंने बोला, फुटबॉल. बोले, शायद वही होगा, पक्का नहीं बोल सकते."

"इंशाल्ला, ठीक हो जाएगा, भाभी."

"नहीं होगा, अम्मारभाई. आप भी ऐसा मत बोलो."

"शायद" म्हणाले डॉक्टर. पण मी तेव्हापासून त्या शब्दाला धरून बसलो आहे. ते आणखी चार दट्टे माझेच होते ना?

त्याची मुलगी रंजिता बँकेत नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी ती त्याला इथे आणून बसवायची. तो विचारायचा, "आई जेवली का?" त्याची आई जाऊन बारा वर्षं झाली. रंजिता मोबाईलमधून मान वर न करता म्हणायची, "पप्पा, यू जस्ट आस्क्ड मी." मग तो विचारायचाच थांबला. पुन्हा कधीच काही विचारलं नाही. हे लक्षात आलं त्या दिवशी ती माल ठेवायच्या खोलीत जाऊन रडली, मी ऐकलं.

आता उल्का त्याला घेऊन कोल्हापूरला चालली आहे. एकटीने त्याला सांभाळणं तिला झेपत नाही. तिथे निदान तिची बहीण आहे. काल ती त्याला दुकान शेवटचं दाखवायला घेऊन आली. तो दारातच उभा राहिला.

"अहो, आत या ना."

"नको. मालक आले नाहीत अजून."

"तुम्हीच मालक आहात."

तो कसनुसा हसला, जणू कुणी त्याची थट्टाच केली होती. अम्मारने त्याचा हात हातात घेतला. तो हात गुरुप्रसादने अदबीने सोडवून घेतला आणि बाजूला सरकून उभा राहिला, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट करून देत. वकारने आतून खुर्ची आणून दिली. तो बसला नाही.

मित्रांनो, तो बरा होणार नाही, हे मला कळून चुकलं आहे. दुकान मोबाईलवाल्याला दिलं आहे, माझ्या जागी उद्या मोबाईलची कव्हरं लागतील. माझं काही मागणं नाही. तुमच्या मैदानात कुणी डोक्यावर आपटला, तर हसू नका. त्याला बाहेर आणून बसवा. आणि तुमच्या घरात कुणी तीच गोष्ट दहाव्यांदा विचारत असेल, तर दहाव्यांदा नीट उत्तर द्या. ते विचारताहेत, तोवरच वेळ आहे.