न धुतलेली गोधडी

मी एक जुनी गोधडी आहे, मित्रांनो. पांढरी की काळी, ते मात्र मला विचारू नका. त्याबाबत माझा स्वतःचाच गोंधळ आहे.

जन्म पांढराच. गुणाबाई दरवर्षी चांद्याच्या दीक्षाभूमीवर जे पांढरं लुगडं नेसून जात, ते विरलं तेव्हा त्यांनी त्याचे दोन भाग केले. धडका भाग ट्रंकेत ठेवला आणि विरलेल्या भागाच्या घड्या घालून, बारीक धावदोरा टाकून मला शिवलं. घरात नातवंड यायचं होतं. साक्षी जन्मली आणि पहिल्या दिवसापासून ती माझ्यातच झोपली. माझं काम मला तेव्हा नीट कळत होतं. उबदार राहायचं, स्वच्छ राहायचं.

आमचं घर राजुऱ्याजवळ, खाणीच्या रस्त्याला लागून. कोळशाचे ट्रक दिवसभर जातात. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी मारायचं ठरलेलं आहे म्हणे, पण टँकर काही दिसत नसे. साक्षीला खोकला लागला, तो जाईना. तिची आई संघप्रिया बी.ए. झालेली, पण जीव कायम टांगणीला. झोपलेल्या लेकीच्या छातीला कान लावून बसायची. शेवटी ती ठेकेदाराच्या माणसाला, रोशनला, पाणी मारा म्हणून सांगून आली. तो म्हणाला, "इथी कुठी धूळ हाये, बाई? तुमाले भास होऊन राह्यला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्यावर पाणी शिंपडलं, मला अंगणातल्या बाजेवर पसरलं आणि मधोमध साक्षीचं झबलं ठेवलं. संध्याकाळी झबलं उचललं, तर मी सगळी काळपट आणि मध्ये तेवढी झबल्याएवढी पांढरी. वाटलं, आता धुईल. नाही धुतलं. उलट त्या पांढऱ्याच्या कडेने लाल दोरा टाकला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी शिंपडून झबलं नेमकं त्या दोऱ्याच्या आत ठेवलं. मग रोज तेच. साक्षीला बाजारातली फुलाफुलांची दुलई आली. माझं काय चुकलं, काही केल्या कळेना. ही शिक्षा होती की काम?

गुणाबाई तर भडकल्याच. "माह्या दीक्षाभूमीच्या लुगड्याले काळं करून राह्यली तू. लोकं म्हणतीन, शिकलेल्या सुनेले धुणं येत नाई."

"मी कुठी करून राह्यली, आई? मी तर नुसती वाळत टाकून राह्यली."

त्यावर गुणाबाईंनी सुनेशी बोलणं टाकलं. माझ्यापायी घरात अबोला, हे आणखी एक.

मग एका सकाळी संघप्रियाने मला रस्त्याकडच्या तारेवर टांगलं. त्या दिवशी कोणी मोठे साहेब रस्ता बघायला येणार होते. रोशन घाईघाईने आला.

"बाई, ही गोधडी काढा."

"काऊन? वाळत हाये."

"हप्ताभर झाला, वाळूनच राह्यली का?"

"जाड गोधडी हाये, भाऊ. इथी लवकर वाळते तो रस्ताच."

रोशनने माझ्याकडे नीट पाहिलं. काळ्या अंगावर इवल्या बाह्यांचं पांढरं झबलं, आत कोणीच नाही. तेवढ्यात दारात साक्षी खोकली. तो जरा थबकला, तरी हात तारेकडे नेलाच. "माही नोकरी जाईन, बाई," तो हळूच म्हणाला.

एवढ्यात गुणाबाई बादली घेऊन बाहेर आल्या. मी म्हटलं, झालं, सुटले एकदाची, आता धुतील. पण बादलीत ट्रंकेतलं अर्धं लुगडं भिजत होतं. त्यांनी ते पिळलं, झटकलं आणि माझ्या शेजारी टाकलं.

"आमचं धुणं हाये, रोशन. ते कुठी टाकावं, हे तू सांगशीन आमाले?"

रोशनचा हात खाली आला. साहेबांची गाडी आमच्यासमोर थांबली. काच अर्धी खाली झाली, मग वर गेली. त्यांना काय वाटलं, मला सांगता येणार नाही.

त्या आठवड्यात टँकर आला. मग यायचा थांबला. थांबला त्या दिवशी आमच्या रांगेतल्या घराघरांच्या तारांवर ओली पांढरी कापडं दिसली. कोणाचा टॉवेल, कोणाचा सदरा. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. टँकर पुन्हा आला. अजूनही तसंच चालतं. तो चुकला की धुणं निघतं.

साक्षीचा खोकला कमी आहे, गेलेला नाही. ते झबलं आता तिच्या अंगात शिरत नाही. पण ती तारेखाली उभी राहते, लाल दोऱ्यावर बोट ठेवते आणि म्हणते, "मी." मग मी कोण? पांघरूण, चित्र की तक्रार? विचार करते, आणि पुन्हा गोंधळते.

मित्रांनो, सगळ्या गोधड्या तुम्हाला विनवतात, आम्हाला स्वच्छ ठेवा. माझ्याही मनात दुसरं काही नव्हतं. पण आज माझं मागणं उलटं आहे. तुमच्या अंगणात एक पांढरं कापड ओलं करून ठेवा. संध्याकाळी ते पांढरंच राहिलं, तर त्यात आपलं बाळ गुंडाळा. नाही राहिलं, तर धुवायची घाई करू नका.