ठकीच्या रक्तातला जुना जीन

मी एक जुना जीन आहे. घालायची जीन नव्हे, मित्रांनो. शाळेच्या पुस्तकात मला जनुक म्हणतात. ठकीच्या हाडांच्या आतल्या मज्जेत, जिथे रक्ताच्या लाल पेशी घडतात, तिथे माझा मुक्काम आहे. माझ्यात हिमोग्लोबिन बनवण्याची कृती लिहिलेली आहे. पेशीने तिची नक्कल काढली, की हिमोग्लोबिन तयार होते आणि प्राणवायू वाहून नेते.

ठकी आईच्या पोटात होती तेव्हा सगळा भार माझ्यावर होता. आईच्या रक्तातून प्राणवायू मी हक्काने ओढून घेई. शिलाई मशीन चालवता चालवता आई बाबांना सांगे, की पोरगी मशीनच्या तालावर लाथा मारते. मला धन्य वाटे.

जन्मानंतर एका प्रथिनाने मला हळूहळू गप्प केले. सगळ्यांच्याच अंगात असे होते. माझे काम शेजारच्या जीनकडे गेले. पण ठकीच्या त्या जीनमध्ये एका अक्षराची चूक होती, आईकडूनही आलेली आणि बाबांकडूनही. तिच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकत, बारीक रक्तवाहिन्यांत अडकत. हातपाय असे ठणकत, की बाबा बस दुसऱ्या ड्रायव्हरच्या हवाली करून धावत येत. मी तिथेच होतो, धडधाकट आणि बंद.

मग डॉक्टरीणबाईंनी रोजची एक गोळी दिली. त्या म्हणाल्या, "हिच्या अंगात एक जुना कामगार झोपलाय. त्याला उठवू या."

हळूहळू माझ्या नकला पुन्हा निघू लागल्या. माझे हिमोग्लोबिन असलेल्या पेशी सहसा वाकत नसत. ठकी दोरीवरच्या उड्या शिकली. आणि बरे वाटताच तिने गोळ्या गुपचूप बटणांच्या डब्यात टाकायला सुरुवात केली. माझा आवाज पुन्हा बसला. ठकीचे हातपाय पुन्हा ठणकले आणि तिला दवाखान्यात न्यावे लागले.

ती घरी परतल्यावर तो डबा आईच्या हाती लागला. आई रागावली नाही, नुसती ठकीच्या खाटेवर टेकली.

ठकी म्हणाली, "गोळी घेतली की मी आजारी आहे असं वाटतं."

"मी चष्मा लावते," आई म्हणाली. "त्याशिवाय सुईत दोरा जात नाही. मग मी आजारी का गं?"

 ठकीने गोळीसाठी हात पुढे केला.

अजूनही कधीतरी तिचे पाय दुखतात. पण मी कामावर आहे. मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी डबा खाऊन झाल्यावर गोळी घेत असेल, तर हसू नका. पाण्याची बाटली पुढे करा.