मागनं येणारी टाळी

आदर्शला तरुण मंडळाचा अध्यक्ष केला तेव्हापासून पोराच्या जिभेला लगाम नाही. माझ्या नातीला, निशिगंधाला, मंडळाचा टी-शर्ट दिला, मधोमध उभी करून फोटो काढला, गावभर पाठवला. आणि गौरीच्या फेराची तालीम लागली तशी तिला खुर्चीवर बसवलं. अंगण माझं, खुर्चीही माझीच.

"आजी, रोह्याला स्पर्धा हाय," म्हणाला. "ती टाळी सगळ्यांच्या मागनं देते. फेर तुटतो. नंबर जाईल."

निशिगंधा सतरा वर्षांची. बोलायला जड, समजायला उशीर. पण फेराची गाणी सगळी पाठ. खुर्चीवर ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. 

हौसा अशीच बसायची. माझी नणंद. मी पेणहून लग्न होऊन आले तेव्हा ती हिच्याच वयाची, आणि अशीच. गौरीला पाहुणे जमले की मी तिला भाताची पोती ठेवायच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायची. चारचौघांत हसं नको म्हणून. अंगणात फेर धरला की आतून टाळी यायची, आमच्या मागनं.

तिला जाऊन तीस वर्षं झाली. टाळी अजून येते. दर गौरीला. सुना म्हणतात, भिंतीवर आवाज आपटतो. म्हणू देत.

काल संध्याकाळी मी उठले, निशिगंधाचा हात धरला आणि तिला फेरात घातली. पोरींनी गाणं उचललं. सगळ्यांची टाळी पडली. मग तिची. आणि तिच्या बरोबरीनं, खोलीतून, आणखी एक.

पोरी थबकल्या. निशिगंधा तेवढी खोलीकडे बघून हसली.

आदर्शचं तोंड पांढरं पडलं. "आजी, आत कोण हाय?"

"भात हाय. जाऊन बघ की."

तो जागचा हलला नाही.

"नाय ना जात? मग ऐक, अध्यक्षा. मी कडी लावली, तू खुर्ची दिलीस. तुझं काम जरा गोड, एवढाच फरक. माझं पाप फेडायला माणूस उरलं नाय. तुझं माणूस अजून समोर उभं हाय. हिला फेरात घेऊनच रोह्याला जायचं. नंबर गेला तर गेला."