पैंजणातला गाळ

साप पहिल्यांदा सुकेशनीलाच दिसला होता. घर आणि तलावाच्या मधे बेशरमाच्या झुडपांचं दाट कुंपण, माणसाहून उंच वाढलेलं. त्यातून तो सळसळत अंगणात आला, आणि दीड वर्षांची साक्षी तिथंच ताटली वाजवत बसलेली. त्या दिवसापासून सुकेशनीनं नवऱ्यामागं धोशा लावला, "हे बेशरम काढाच."

प्रसेनजितला निमित्तच हवं होतं. किन्हीराजा गावाजवळ तलावाकाठी घर बांधावं आणि खिडकीतून पाणी दिसू नये, हे त्याला केव्हाचं सलत होतं. लॉन, फरशीची वाट, झोपाळा, सगळं त्यानं मनात मांडून ठेवलं होतं. काठाला तारेची जाळीही लागणार होती. पण जाळी यायच्या आधीच गावातल्या सेवादासचं जेसीबी मोकळं सापडलं.

सकाळपासून यंत्र घरघरत होतं. बेशरम मुळासकट उपटून कोपऱ्यात ढीग लागत होता. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाणी दिसलं आणि भाकरी थापता थापता सुकेशनीचा हात थांबला. किती जवळ होतं ते! अंगणाला लागूनच.

लेक चालायला लागल्यापासून ती तिला कानांनीच सांभाळत आली होती. हात पिठात असले तरी पैंजण सांगायचे, आता ओसरीवर, आता आजीजवळ. आज यंत्रापुढं काहीच ऐकू येत नव्हतं. सासूबाई बाहेर आहेत, पोरगी त्यांच्यापाशीच असणार, असं मनाला सांगून तिनं भाकरी तव्यावर टाकली.

सेवादासनं चहासाठी यंत्र बंद केलं. सुकेशनीनं कान दिला. छुमछुम नाही.

"आई, साक्षी काय करून राह्यली?"

ओसरीवर तूर पाखडणाऱ्या लिलाबाईंचं सूप थांबलं. "माह्यापाशी कुठी हाय? मले वाटलं तुयापाशी हाय!"

सुकेशनी भुसभुशीत मातीतून धावली. पाणी निवांत पडलं होतं, त्यावर बेशरमाचं एक जांभळं फूल तरंगत होतं. ती तशीच आत शिरली. गुडघाभर, मांडीभर. वाकून दोन्ही हातांनी तळ चाचपू लागली. काही हाताला लागेल म्हणून जीव घाबरत होता, आणि हात तर थांबत नव्हते. काहीतरी मऊ लागलं. ओढलं, तर शेवाळ.

"साक्षी! माय व माही, साक्षी!"

प्रसेनजित बुटांसकट पाण्यात उतरला. लिलाबाई काठावर ऊर पिटू लागल्या. तेवढ्यात सेवादास यंत्रावर चढला आणि वरूनच हातानं खुणावू लागला, "वहिनी, ढिगाच्या मांगं! चिल्लावू नोका, दचकन ते!"

ढिगामागं साक्षी घोट्यापर्यंत गाळात रुतून उभी होती. सकाळी आजीनं अंगणात मिरच्यांची रोपं लावली, तशीच ती बेशरमाच्या काड्या एकेक करून गाळात खोचत होती. पुढची काडी खोचायला ती पाण्यावर वाकलेली.

सुकेशनीनं श्वास रोखला. मागून हळूच आली आणि फ्रॉक मुठीत गच्च धरला.

काडी हातून सुटली म्हणून साक्षीनं भोकाड पसरलं. आई रडतेय, हे तिच्या गावीही नव्हतं.

कढ ओसरला तशी सुकेशनी ढिगाकडं गेली. लेक कडेवर तशीच. एक फांदी ओढली आणि ओल्या काठात खोचली; बेशरम नुसतं खोचलं तरी फुटतं.

"आता कायले?" प्रसेनजित म्हणाला. "मंग साप येईन ना पुन्हा."

"साप दिसते तरी. वरडता येते. हे पाणी काहीच बोलत नाही हो."

त्यानं बुटातलं पाणी ओतून टाकलं. मग फांद्यांचा भारा उचलला.

"बुडखा खाली घाल रे!" लिलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "उलटी लावून राह्यला तू."

सुकेशनी पायरीवर बसली. लेकीचे पाय मांडीवर घेऊन एकेका घुंगरातला गाळ तिनं काडीनं उकरला, पाणी ओतलं, फुंकर घातली. साक्षीनं पाय झाडला. काहीच वाजलं नाही. तिनं पुन्हा पाणी ओतलं. काठावर माणसं फांद्या रोवत होती आणि ती त्या चिमुकल्या घोट्याला कान लावून बसली होती.

छुम.

तरी तिनं लेकीला मांडीवरून खाली सोडलं नाही.