गार दगडावर आगीचा आळ

मी एक आकाशातून पडलेला दगड. मुठीएवढा, वरून काळाकुट्ट. बघा, आत्ताच तुम्ही बोटं आखडलीत! म्हणजे मी भाजतो असं तुम्हालाही वाटतंच. माणसांचा संशयी स्वभाव मला चांगला ठाऊक आहे, म्हणून मीही कुणावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही.

माझा जन्म कधीचा, ते मलाच आठवत नाही. अंधारात, गारठ्यात युगं काढली. मग एके दिवशी पृथ्वीने ओढून घेतलं. एवढ्या वेगात आलो, की पुढच्या हवेला बाजूला सरकायला सवडच मिळेना. ती दाबली गेली, भयंकर तापली आणि तिने मला भाजून काढलं. माझी कातडी वितळली, पण उडून जाताना उष्णताही घेऊन गेली. आतला गारठा तसाच राहिला. पुढे दाट हवेने माझा वेग मोडला, उजेड विझला आणि शेवटचं अंतर मी साध्या धोंड्यासारखा गार वाऱ्यातून पडलो.

पडलो तो एका सुताराच्या कारखान्यात, पत्रा फोडून. दुपारच्या जेवणाची वेळ, आत चिटपाखरू नव्हतं. कोपऱ्यातल्या शेगडीवर लाकूड चिकटवायचा सरस रटरटत होता. हा सरस फक्त कारखान्याचे मालक मिस्त्री शिजवत; दुसऱ्या कुणाला शेगडीला हात लावू देत नसत. त्या शेगडीतली ठिणगी उडून शेजारचं नवं कपाट आधीच पेटलं होतं. मी पार दुसऱ्या टोकाला, रंध्याच्या भुशाच्या ढिगात रुतलो.

लोकांनी धावत येऊन आग विझवली. मिस्त्रींनी कारखान्यातल्या पॉलिशवाल्या काकांना गाठलं.

"तुझ्या स्पिरिटचा डबा उघडा राहिला असणार. उद्यापासून येऊ नकोस."

"मिस्त्री, वीस वर्षं झाली. एकदा तरी झाकण लावायला विसरलोय का?"

मिस्त्रींनी जळकं कपाट बाहेर ओढायला घेतलं. शेगडीकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी काका आपले ब्रश न्यायला आले. मिस्त्रींची मुलगी आवराआवर करत होती. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिला ढिगात मी दिसलो. वर पत्र्याला भोक, खाली मी. काकांचा चेहरा उजळला.

"हाच तो! आभाळातून निखारा पडला, मिस्त्री. माझा काही दोष नाही."

"बरोबर. यानेच घात केला," मिस्त्री लगेच म्हणाले. "जा, लाग कामाला."

भाजून निघालो मी, आणि जाळल्याचा आळही माझ्यावरच! मिस्त्री एवढे खूश झाले, की मला त्यांचा आणखीच संशय आला.

मुलीने मात्र मला उचललं आणि माझ्याखालचा भुसा वडिलांपुढे धरला. कुठे करपल्याचा डागही नव्हता.

"बाबा, हा गरम असता तर आधी हा ढीग पेटला असता. असे दगड वर तापतात, पण खाली येईपर्यंत गार होतात."

काकांचा चेहरा पडला. हाती आलेलं काम पुन्हा निसटत होतं. मला फार वाईट वाटलं. माझ्या खरेपणाची झळ त्यांना बसणार होती.

मग ती हळूच म्हणाली, "बाबा, जेवायला जाताना शेगडी विझवली होती का?"

मिस्त्रींची नजर पहिल्यांदाच शेगडीकडे वळली. शेवटी त्यांनी शेगडी उचलली आणि काकांपुढे ठेवली.

"चूक माझी. आजपासून सरस तू शिजव."

आता मी फळीवर मापांचे कागद दाबून बसतो. मिस्त्री गिऱ्हाइकांना माझी गोष्ट रंगवून सांगतात, पण शेगडीचा भाग वगळून. म्हणून तर म्हणतो, माणसांचं काही खरं नाही.

काका मात्र रोज जेवायला जाण्याआधी विझलेल्या शेगडीला हात लावून बघतात, आणि मग मला. अजून संशय असेल का? असेलही. पण त्यांचा हात माझ्यावर जरा जास्तच वेळ राहतो. तुम्हीही कुणावर आळ घेण्याआधी एवढं करा. एकदा हात लावून बघा.