विहिरीच्या ढिगावरची सोयरीक

लग्न ठरायच्या आधी मुलीकडची माणसं घर बघायला जातात. मुलगी जात नसते. मी गेले! शेंद्र्याच्या अभयशी माझं जमलंय हे दोन्ही घरांना ठाऊक होतं. त्याचे वडील साहेबराव तयार होते. घोडं अडलं होतं त्याच्या आईपाशी, मुक्ताबाईंपाशी. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते, त्यावरून "दगडं शिकनारी पोरगी संसार काय करनार?" असं म्हणाल्या होत्या म्हणे. त्या नाय म्हणाल्या की संपलंच. अभय मेला आईसमोर तोंड उघडत नाही.

म्हणून धम्मपालमामांच्या गाडीत सगळ्यांच्या आधी मीच जाऊन बसले. आईनं बजावलं, "गप बसायचं, मान खाली." म्हणलं, व्हय.

जयभीम झाला, पोहे झाले, चहा चुलीवर चढला. साहेबराव म्हणाले, "तवर शेत बघून घ्या." घराच्या मागंच नवी विहीर, आणि काठावर तिच्यातून निघालेल्या दगडांचा हा एवढा ढीग! आई शप्पथ, माझं डोकंच फिरलं. नवी साडी खोचली आणि चढले की वर.

"मामा, हा काळा पाषाण बघा! कसा खणखण वाजतोय. आणि हा मांजऱ्या खडक. लाव्हा निवताना आत बुडबुडे राहिले, मग त्या भोकांत हे पांढरे खडे भरले. अगं बाई, हिरवेपण आहेत! आणि विहिरीत तो तांबडा पट्टा दिसतो का? लाव्हाच्या दोन थरांमधला. खालच्या थरावर माती झाली, आणि वरून दुसरा लाव्हा आला त्यानं ती भाजून काढली!"

आणि तेवढ्यात घात झाला. धुळीत खडे नीट दिसेनात, म्हणून फील्डवर करते तसा मी दगड जिभेनं चाटला. ओला केला की रंग खुलतो हो! आमच्या वर्गात सगळेच चाटतात.

खाली सगळे गार. आईनं कपाळाला हात लावला. साहेबराव हळूच अभयला म्हणाले, "पोरीला पोहे कमी पडले का रं?" मामा तर पोट धरून हसायला लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गेलं लग्न! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

मुक्ताबाई मात्र हसल्या नाहीत. पदर सावरत ढिगापाशी आल्या आणि हात वर केला. "दे इकडं त्यो." मी दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला, पदरानं पुसला, परत बघितला.

"ह्या जमिनीत नुसता खडक म्हणून आख्खं गाव हसायचं आम्हाला," त्या म्हणाल्या. "सासऱ्यानं पहारीनं फोडली. मी दगडं वेचू वेचू बांधावर टाकली, शिव्या घालत. लोकं येत्यात, फरशी बघत्यात, पंखे बघत्यात. ह्या दगडाला आजवर कुनी चांगलं म्हनलं नव्हतं."

मी नाक ओढत म्हणाले, "लई चांगलाय."

त्या अभयकडं वळून खेकसल्या, "बघत काय उभा राह्यलास? हात दे तिला. सून पडंल माझी."

ते ऐकून मी ढिगावर अशी उडी मारली, की खरंच पडले.