रामाजींची पांढरी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना फिरता कॅमेरा आहे. मला तोंड असते तर त्या रविवारी मी संग्रहालय डोक्यावर घेतले असते. ते नव्हते, म्हणून आता तुम्हाला सांगतो.

साधा कॅमेरा समोरचे तेवढेच टिपतो. मी मात्र चावी दिली की तीन पायांच्या तिकाटण्यावर सावकाश गोल फिरत असे, आणि आतली फिल्म सरकत राही. शंभर माणसे एका लांबलचक फोटोत मावत. माझे मालक रामाजी नागपूरचे. लोकांना ते अर्धचंद्रात बसवत, म्हणजे फोटोत रांग सरळ दिसे. त्यांचा एक नियम होता. फिल्म भरली की माझ्या मागच्या झाकणावर पांढरी चिकटपट्टी लावायची आणि फिल्म धुतल्याशिवाय ती काढायची नाही, म्हणजे चुकून कुणी झाकण उघडून उजेडाने फिल्म वाया जायची नाही. घरातली पोरेसुद्धा पट्टी दिसली की मला हात लावत नसत.

चाळीस वर्षांपूर्वी कोराडीच्या कॉलनीत शेवटचा फोटो काढला. ऐंशी माणसे बसली होती. रामाजींची बायको रंभाबाई सामान सांभाळत बाजूला उभी होती. सगळ्या गावाचे फोटो काढणाऱ्याच्या घरात तिचा एकही फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"रंभा, तूही बस वं," रामाजी म्हणाले.

"मले काहून बसवून राहिले तुम्ही? लोकायचा फोटो आहे."

"बस म्हटलं ना."

ती लाजत उजवीकडच्या शेवटच्या खुर्चीवर बसली. शेजारी त्यांची पाच वर्षांची लेक प्रेमिला होती; तिच्या खांद्यावर रंभाबाईने आपला गोंदलेला हात ठेवला. मी डावीकडून फिरत गेलो आणि सगळ्यांत शेवटी रंभाबाईला टिपले. ती हसत होती. फिल्मवर काळा कागद गुंडाळायचा तेवढा राहिला, कारण रामाजींना तिथेच भोवळ आली. घरच्यांनी मला जसेच्या तसे पेटीत ठेवले. आठ दिवसांत रामाजी गेले. पुढच्या वर्षी तापाने रंभाबाईही गेली.

मग रामाजींच्या भावाच्या, नत्थूकाकांच्या माळ्यावर मी धूळ खात पडलो. माझी चावी कुठे गेली कोण जाणे. पण पोटातली ती फिल्म मी जिवापाड जपली. कुणीतरी जाणता येईल आणि पट्टी पाहून अंधाऱ्या खोलीत मला उघडेल, एवढीच आस होती.

काका वारल्यावर मला संग्रहालयाला दिले. तिथली मेघा मोठी मेहनती पोरगी. पाहुण्यांना जुने कॅमेरे दाखवायचे म्हणून तिने मला घासूनपुसून लख्ख केले, आणि मळकी दिसली म्हणून पट्टीही खरवडून काढली. तिचा काय दोष? तिला सांगणारे कुणी नव्हते. माझा मात्र त्या दिवसापासून जीव टांगणीला लागला.

रविवारी दुपारी दालन भरले. चावीशिवाय मी फिरेना, तेव्हा मेघाने आतले यंत्र उघडून दाखवायचे ठरवले. तेवढ्यात एक बाई पुढे आल्या.

"माझ्या बाबांचा कॅमेरा आहे हा," त्या म्हणाल्या. "वर्तमानपत्रात वाचलं, म्हणून आली."

ती प्रेमिला होती. केस पिकले होते, तरी मी ओळखले.

"मग काकू, तुमच्या घरी लय फोटो असतील?" मेघाने विचारले.

"लोकायचे आहेत. आईचा एकही नाही. चेहरासुद्धा आता आठवत नाही मले."

अगं, तुझी आई माझ्या पोटात आहे! मी जिवाच्या आकांताने कडी घट्ट धरली. गंजलेली कडी मेघाला निघेना. सुटलो, असे वाटले. पण गिरिधर शिपाई स्क्रू काढायचा पेचकस घेऊन आला. कडी करकरली.

प्रेमिला वळसा घालून मागे आली. झाकणावर पट्टीच्या जागेचा फिकट चौकोन तिला दिसला.

"थांब वं पोरी. पट्टी कोणं काढली?"

"मीच. मळली होती. काहून, काकू?" असे म्हणता म्हणता झाकण उघडले.

दालनातला भगभगीत उजेड आत शिरला. मेघाने धडकन झाकण लावले, वर ओढणी टाकली.

इतवारीतल्या एका जुन्या फोटोवाल्याने ती फिल्म अंधारात धुतली. गुंडाळीच्या आतल्या वेढ्यांतली माणसे वाचली; शेवटी टिपलेली बाहेरच्या वेढ्यात होती, उजेड त्यांच्यावरच पडला. कॉलनीतले साठएक चेहरे ओळखू येतात. पुढे पुढे फोटो पांढरा होत जातो. छोटी प्रेमिला धुरकट दिसते. तिच्या खांद्यावर गोंदलेला एक हात आहे. त्या हाताच्या पुढे काहीच नाही, नुसता पांढरा उजेड.

प्रेमिला बराच वेळ तो फोटो बघत राहिली. मेघा रडत होती. प्रेमिलाने तिला एका शब्दाने दुखावले नाही. फक्त विचारले, "हा एवढा हातच मोठा करून भेटंल का मले?"

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर पुसा, मिरवा. पण तिच्यावरची एखादी चिंधी किंवा गाठ काढण्याआधी ती बांधणाऱ्याला विचारा. तो नसेल तर त्याच्या लेकराला शोधा, आणि ते सापडेपर्यंत थांबा.

हल्ली माझे झाकण दिवसभर उघडेच ठेवतात. कधीही या, हवे तेवढे वाकून बघा. आत कुणी नाही.